बाजार घरपोच मिळत नाही

रमजान ईदला चार-पाच दिवस राहिले होते. घरात शीरखुर्म्याच्या सामानाची यादी निघाली आणि दरवर्षीप्रमाणे आपाने सांगायला सुरुवात केली. शेवया बारीक आणा. खारीक काळपट नको. चारोळीच्या पाकिटावरची तारीख नीट बघा, गेल्या वर्षी खवट निघाली होती. आम्ही लिहून घेत होतो. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "यादी राहू दे. या वर्षी मीच येते."

आपा म्हणजे आमची थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून तिच्या पायांत बळ नाही. चाकाच्या खुर्चीवर असते. पण शिवणकाम तिचं, घरखर्चाची वही तिची आणि ईदचा शीरखुर्माही तिच्याच हातचा. घरातली एवढी कामं ती करते, तरी त्या शीरखुर्म्याचं सामान तिने स्वतः दुकानात जाऊन कधी घेतलं, ते आम्हाला आठवेना. "गर्दी असेल, रोजा आहे, कशाला दगदग," असं आम्ही म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही. जोहरची नमाज झाली आणि रिक्षात खुर्ची घडी करून टाकून आम्ही निघालो.

शहरातलं ते सुपरमार्केट मोठं, वातानुकूलित. दाराशी तीन पायऱ्या. बाजूला उतारही बांधलेला. पण त्या उतारावर रिकाम्या ट्रॉल्यांची रांग लावलेली, तिच्यापुढे शीतपेयांचे क्रेट आणि उताराच्या तोंडाशी दोन स्कूटर. दारावरचा मुलगा मनाने चांगला होता. धावत आला आणि म्हणाला, "काळजी करू नका, आम्ही चौघं खुर्चीसकट उचलतो." आपा म्हणाली, "मला उचलू नका, बाळ. वाट मोकळी करा." वाट मोकळी व्हायला वीस मिनिटं गेली. तोवर येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते. कुणी हळहळत होतं, तर कुणी आपण दारात अडवून धरल्यासारखं तोंड करत होतं.

आत रॅकमधल्या गल्ल्या तशा रुंद होत्या, पण मधोमध 'एकावर एक मोफत'चे ढीग. दोन ठिकाणी खुर्ची अडकली. चारोळी सगळ्यात वरच्या फळीवर. तिथल्या कर्मचारी मुलीला आपाने हाक मारली. ती आली आणि आपाच्या डोक्यावरून आमच्याकडे बघत विचारती झाली, "यांना काय पाहिजे?" आपानेच उत्तर दिलं. पुढचा प्रश्नही आम्हालाच आला, "यांना शंभर ग्रॅमचं देऊ की दोनशेचं?"

शेवटी बिलाचा काउंटर. दोन काउंटरांमधली वाट इतकी अरुंद की चाकाची खुर्ची जाईना. कॅशवरचा तरुण मान वर न करता म्हणाला, "पेशंटला बाहेर बसवा, तुम्ही बिल करून घ्या."

पेशंट! आपाला त्या दिवशी साधा खोकलाही नव्हता. ती गिऱ्हाईक होती. पैसे तिचे, पाकीट तिच्या मांडीवर, यादी तिच्या डोक्यात.

आम्ही आवाज चढवला, तेव्हा व्यवस्थापक आले. बोलायला अगदी नम्र. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी माफी मागितली आणि वर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी तुम्ही त्रासच घेऊ नका. फोन करा, सामान घरपोच पाठवतो. जादा पैसेही लावणार नाही."

आम्हाला वाटलं, माणूस भला आहे, तोडगाही बरा आहे. आपा मात्र शांतपणे म्हणाली, "भाऊ, सामान घरी येईल. बाजार कसा येईल?"

रिक्षात ती काही बोलली नाही. रात्री तरावीहनंतर सगळे दुकानाला नावं ठेवत बसले होते. आपा खारीक निवडत होती. न रागावता म्हणाली, "त्या माणसाने आज एकदा सांगितलं. तुम्ही तीस वर्षं तेच सांगत आलात. 'आपा, तू कशाला येतेस, आम्ही आणून देतो.'"

घरात कुणालाच उत्तर सुचलं नाही. त्या रात्रीपासून हा विषय आमच्या मनात घोळतो आहे, म्हणून या महिन्याचं हे पान त्यासाठीच.

वस्तू मिळणं आणि खरेदी करणं

वाचकहो, खरेदी म्हणजे नुसतं सामान घरात येणं नव्हे. बाजारात माणूस चार पाकिटं हातात घेऊन बघतो, भाव ताडून पाहतो, एखादी नवी वस्तू दिसली तर थबकतो, ओळखीचं कुणी भेटलं तर सलाम-दुआ होते. भाच्यासाठी न सांगता एखादं चॉकलेट उचलावंसं वाटतं. यादी देणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. त्याला दुसऱ्याने निवडलेली वस्तू मिळते आणि ती गोड मानून घ्यावी लागते. खवट चारोळीबद्दल आपा दरवर्षी कुरकुर करायची, तेव्हा आम्ही तिला 'चोखंदळ' म्हणून हसायचो. आज वाटतं, ज्याला स्वतः निवडायला मिळत नाही, त्याच्या हाती कुरकुर करण्यावाचून उरतं तरी काय?

जुन्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभं राहायचं आणि दुकानदार पलीकडून सामान काढून द्यायचा. मग 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तिथे गिऱ्हाईकाने स्वतः आत फिरायचं, वस्तू स्वतः उचलायची आणि शेवटी पैसे द्यायचे. आजचं सुपरमार्केट त्याच वाटेने आलं. दुकानदाराचे नोकर कमी झाले, गिऱ्हाईकाला मोकळीक मिळाली. पण ही मोकळीक कुणाला? ज्याचा हात वरच्या फळीपर्यंत पोहोचतो, ज्याचे डोळे बारीक अक्षर वाचतात, ज्याचे पाय ट्रॉली ढकलत अर्धा तास चालतात, त्याला. बाकीच्यांना आधी दुकानदाराचा हात तरी होता, तोही गेला. म्हणून अशा दुकानात मदतीला माणूस देणं हे उपकार नाहीत. ज्या सोयीतून दुकानाने आपला खर्च वाचवला, तिची ती भरपाई आहे.

मदीनेच्या बाजारातला एक गिऱ्हाईक

या निमित्ताने एक हदीस पुन्हा वाचली. आजवर ती आम्ही व्यापारातल्या फसवणुकीची हदीस म्हणूनच वाचत होतो. या वेळी तिच्यात दुसरंच काही दिसलं.

मदीनेत एक अन्सारी सहाबी होते. काही रिवायतींत त्यांचं नाव हब्बान बिन मुन्किज (रजि.) असं येतं, काहींत त्यांचे वडील मुन्किज बिन अम्र (रजि.) यांचं. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्यांच्या जिभेवर परिणाम झाला होता. शब्द नीट उमटत नसत, व्यवहाराची समजही कमी पडे. तरी बाजारात जाऊन खरेदी-विक्री करण्याची त्यांना फार ओढ. लोक त्यांना फसवत. कंटाळून घरचे लोक पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि यांच्या व्यवहारावर बंदी घाला, अशी विनंती त्यांनी केली. पैगंबरांनी (स.) त्यांना बोलावून घेतलं आणि व्यवहार करू नका असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले की, बाजार सोडून राहणं मला जमत नाही.

इथे क्षणभर थांबा. घरच्यांची काळजी खरी होती. माणूस फसवला जात होता, हेही खरं. 'घरी बस, आम्ही आणून देतो' हे सांगायला याहून चांगलं कारण ते कोणतं? पण पैगंबरांनी (स.) त्यांचं म्हणणं ऐकलं आणि बंदीचा आग्रह धरला नाही. त्यांनी दोन गोष्टी दिल्या. एक, सौदा करताना 'ला खिलाबा' म्हणजे 'फसवणूक चालणार नाही' एवढं म्हणायचं. दुसरी, घेतलेली वस्तू पसंत नसेल तर तीन दिवसांत परत करण्याचा हक्क. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत 'ला खिलाबा'चा उल्लेख आहे, तीन दिवसांची मुदत इब्ने माजाच्या रिवायतीत येते. सहीह मुस्लिममध्ये तर असंही आहे की त्यांच्या जिभेला तो शब्द नीट उच्चारता येत नसे आणि ते 'ला खियाबा' म्हणत. मोडक्या उच्चाराने म्हटलेला तो शब्दही मदीनेच्या बाजारात पुरेसा होता!

पुढे फिकहमध्ये 'खियार-ए-शर्त'ची, म्हणजे सौदा झाल्यावर ठरावीक दिवसांत तो परत फिरवण्याच्या अटीची चर्चा होते, तिला मोठा आधार या हदीसचा. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत. पण मुळात ही गोष्ट एका अपंग गिऱ्हाईकाची आहे, हे आपण विसरूनच गेलो. त्याला बाजारातून उठवलं नाही. बाजाराला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावलं.

आणखी एक रिवायत आहे. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात हे सहाबी बरेच वृद्ध झाले होते. वस्तू परत करायला गेले की दुकानदार हुज्जत घालायचा. तेव्हा वाटेने जाणारा एखादा सहाबी थांबायचा आणि साक्ष द्यायचा की हे खरं बोलतात, पैगंबरांनी (स.) यांना तसा हक्क दिला आहे. आम्हाला हा वाटसरू फार महत्त्वाचा वाटतो. आपा काउंटरसमोर अडली होती, तेव्हा रांगेत पंधरा-वीस माणसं होती. एक जण जरी म्हणाला असता, "अहो, त्या गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याशी बोला," तरी पुरे होतं.

आणि दुसऱ्यांना कशाला बोल लावावा? पवित्र कुरआनातली ऐंशीवी सूरह 'अबस' आपल्या घरांत मुलांना तोंडपाठ असते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) या अंध सहाबींच्या प्रसंगावर ती उतरली. ते काही विचारायला आले असताना कपाळाला आठी पडली आणि तोंड फिरवलं गेलं, एवढीच ती गोष्ट. न दिसणाऱ्या माणसापुढे तोंड फिरवलं तर त्याला कळणारही नाही. पण अल्लाहने त्याचीही दखल घेतली. मग ज्याला सगळं दिसतं, त्याच्या डोक्यावरून बघत सोबतच्याला प्रश्न विचारणारे आपण कुठे उभे आहोत?

अडचणी दिसतात तेवढ्याच नसतात

चाकाची खुर्ची निदान डोळ्यांना दिसते. बाकीच्यांचं काय?

आमच्या मोहल्ल्यात एक हाफिजसाहेब आहेत. त्यांना दृष्टी नाही. ते म्हणतात, जुन्या दुकानात मला कोणती वस्तू कुठे आहे ते पाठ होतं. मोठ्या दुकानात दर महिन्याला मांडणी बदलते. मिठाचं आणि साखरेचं पाकीट हाताला सारखंच लागतं. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे ॲप आहे, 1 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किती रुपयांची ते बोलून सांगतं. त्याचा हाफिजसाहेबांना मोठा आधार आहे. पण कार्डाचं नवं यंत्र गुळगुळीत काचेचं, त्यावर बोटाला आकडे लागत नाहीत. मग पिन कॅशवाल्याला तोंडाने सांगावा लागतो. रांगेतल्या सगळ्यांसमोर आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यासारखंच ते.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांची तऱ्हा वेगळी. समोरचा माणूस खाली बघत किंवा पाठ फिरवून बोलला की ओठ वाचता येत नाहीत. मग 'दोनदा सांगितलं, तरी कळत नाही का' असं ऐकवलं जातं, तेही त्यांना ऐकू येत नाही. फक्त समोरच्याचा चेहरा दिसतो.

स्वमग्न मुलांच्या आयांचं दुःख आणखी निराळं. झगझगीत दिवे, मोठ्याने लावलेली गाणी, सारख्या होणाऱ्या घोषणा यांनी मूल कासावीस होतं, कान झाकून जमिनीवर बसतं, किंचाळतं. भोवतालचे लोक आईला म्हणतात, "जरा वळण लावा." ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या सुपरमार्केटने 2018 मध्ये शनिवारी सकाळचा एक तास शांततेचा ठेवला. दिवे मंद, संगीत बंद, घोषणा नाहीत. याला किती खर्च येतो? उलट वीजच वाचते.

आणि ज्यांचं दुखणं दिसतच नाही, ते? हृदयाचा विकार असलेले चाचा, गुडघे गेलेल्या खाला, विसरभोळेपणा जडलेले दादा. त्याच देशात 2016 साली गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी द्यायला सुरुवात झाली. ती घातलेल्या माणसाला थोडा जास्त वेळ लागेल, थोडी मदत लागेल, एवढा तिचा अर्थ. पुढे अनेक सुपरमार्केटांनी ती स्वीकारली. आपल्याकडे पट्टी नसली तरी रांगेत दमून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा वाचता येतोच की.

कायदा काय म्हणतो

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रात. ही नोंद आठ प्रकारांत झाली होती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात.

पहिली, 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. सर्वसामान्य लोक जिथे ये-जा करतात अशी खाजगी इमारतही त्यात येते. व्यापारी वापराची इमारत येते आणि धार्मिक वापराचीही. म्हणजे सुपरमार्केट येतं, तशीच आपली मस्जिदही येते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 च्या जूनमध्ये निघाले. मुदत केव्हाच उलटली.

दुसरी, लोकांसमोर अपंग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा करणं हा या कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आपाला 'पेशंट' म्हणणाऱ्या मुलाच्या मनात तसा हेतू नव्हता, त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून आम्ही त्या वाटेने गेलो नाही. पण जाणूनबुजून हिणवणाऱ्याला हे कलम माहीत असायला हवं.

तिसरी, 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या सल्ल्यासारखे असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत. तसे नियम करायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

तक्रार करायची तर आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. मालात किंवा सेवेत खोट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपल्या दुकानापासून सुरुवात

हे पान वाचणाऱ्या कितीतरी घरांची स्वतःची दुकानं आहेत. किराणा, बेकरी, कपडे, चपला, फळं, मटण. मोठ्या सुपरमार्केटला शिकवण्याआधी आपल्या पायरीकडे बघू या.

पायरी असेल तर उतार करा. नियम सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. तेवढी जागा नसेल तर लाकडी फळी ठेवा आणि पायरीशी घंटी लावा. घंटी वाजली की बाहेर या. दार आणि काउंटरमधली वाट तीन फूट मोकळी असू द्या. उतार बांधला असेल तर त्यावर पोती ठेवू नका. उतारावर ठेवलेलं पोतं म्हणजे तोंडाने 'या' म्हणून हाताने दार लावण्यासारखं आहे.

गिऱ्हाईकाशी बोला, सोबतच्याशी नव्हे. खुर्चीवरच्या माणसाशी बोलताना जमल्यास खाली बसा, म्हणजे त्याची मान अवघडत नाही. न विचारता खुर्ची ढकलू नका, अंध माणसाचा हात किंवा काठी धरून ओढू नका. आधी विचारा, "मदत करू का? कशी करू?" नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. दृष्टी नसलेल्याला भाव, वजन आणि तारीख स्वतःहून वाचून दाखवा, सुट्टे पैसे हातावर मोजून द्या. ऐकू न येणाऱ्यासाठी काउंटरवर वही-पेन ठेवा. दुकानात एक स्टूल ठेवा. काम करणाऱ्या मुलांना हे सगळं अर्ध्या तासात शिकवता येतं.

आणि एक विनंती. अपंग माणूस दुकानात आला की पटकन पैसे परत करून 'राहू द्या, सवाब मिळेल' म्हणण्याची आपल्यात सवय आहे. भावना चांगली असते. पण सौदा करायला आलेल्याला सदका देणं हाही एक प्रकारचा अपमानच. आपा म्हणते, "मला दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, जे म्हणायचं ते म्हणा. फक्त काय हवंय ते मला विचारा आणि पैसे माझ्याकडून घ्या."

घरातल्यांनीही एक करावं. 'आम्ही आणून देतो' म्हणण्याआधी 'तुला यायचं आहे का?' असं विचारावं. कधी ती व्यक्ती नाहीच म्हणेल. ऊन असतं, थकवा असतो, घरपोच सेवा त्या दिवशी खरोखरच सोयीची असते. हरकत नाही. घरपोच सेवा ही सोय आहे, ती असायलाच हवी. फक्त ती दार बंद करण्याचं निमित्त होऊ नये. जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या सुपरमार्केटला आम्ही पत्र लिहिलं. मजकूर आपाने सांगितला. दोषारोप नाहीत, चार ओळींत चार मागण्या: उतार मोकळा ठेवा, एक काउंटर रुंद करा, वरच्या फळीवरचं सामान काढून द्यायला माणूस ठेवा आणि गिऱ्हाईकाला गिऱ्हाईक म्हणा. उत्तर काही आलं नाही.

बकरी ईदच्या आधी आपा पुन्हा म्हणाली, "मसाला संपलाय, जाऊ या." या वेळी घरात कुणी 'कशाला' म्हणालं नाही. उतारावरच्या ट्रॉल्या हटवल्या होत्या, स्कूटर मात्र एक होतीच. बिलाची वाट तेवढीच अरुंद. पण कॅशवरचा तोच तरुण आम्हाला बघून उठला, काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि आपासमोर उभा राहून म्हणाला, "मॅडम, द्या, तुमचं बिल करून आणतो." तिने पैसे दिले. त्याने बिल आणि सुट्टे तिच्याच हातात आणून दिले.

आपाने तिथेच बिल ओळीने तपासलं. धण्याच्या दोन पाकिटांचे पैसे लागले होते, पाकीट एकच होतं. तिने ते दाखवलं, त्याने निमूट बदलून आणलं. बाहेर आल्यावर आम्ही म्हटलं, "आपा, चुकून झालं असेल." ती हसून म्हणाली, "असेलही. पण 'ला खिलाबा' म्हणायला गिऱ्हाईकाने स्वतः दुकानात असावं लागतं."